काय येतं?

सतरा जण येणार म्हणून
सतरा ताटं मोजली, सतरा मच्छरदाण्या,
आणि गाद्या एकोणीस,
उंच माणसाला एक गादी पुरत नाही
हे मला आठव्या तुकडीने शिकवलं.

माझी वही दिलीच्या बंदराजवळ घेतलेली.
तिच्यात रकाने आहेत : नाव, रक्तगट, पथ्य,
पायाचं माप (आमचे गमबूट नऊ नंबरावर संपतात),
आणि शेवटचा, 'काय येतं?'
तिथे लोक लिहितात, गिटार.
लिहितात, फोटो. माणसांत मिसळणं.
एकाने लिहिलं, 'मी फार लवकर शिकतो.'
त्याला मी कोंबड्यांच्या खुराड्यावर नेमलं.
खरंच लवकर शिकला.

लेबुराईला नळ बाराव्या तुकडीने आणला.
वरच्या झऱ्यापासून चार किलोमीटर पाइप.
रस्ता संपला तिथे ट्रकवाल्या फिलोमेनूने
इंजिन बंद केलं, म्हणाला, 'इथून पुढे देव.'
देव काही आला नाही. पाइप उचलले
ओस्लोच्या एका दंतवैद्याने, बुसानच्या दोन बहिणींनी,
आणि गावातल्या झाडून सगळ्या पोरांनी,
ज्यांची नावं माझ्या कुठल्याच रकान्यात नव्हती.

पाणी आलं त्या दिवशी
पाहुण्यांच्या गळ्यात ताइश पडले, गावच्या मागावरचे.
कॉफी झाली, भाषण झालं, फोटो झाले.
फोटोत मी नाही.
मी फिलोमेनूशी भाड्यावरून हुज्जत घालत होते.

सातव्या महिन्यात नळ गळायला लागला.
आधी थेंब. मग दाराशी चिखल, चिखलात डुकरं.
मग वाळूच्या घड्याळासारखं पाइपातलं पाणी सरत गेलं
आणि झऱ्याकडची जुनी पायवाट,
गवताने जवळजवळ गिळलेली,
पुन्हा पांढरी झाली.
मी पत्र लिहिलं. उत्तर आलं, अगदी मायेचं,
की पुढच्या हंगामातली तुकडी
देखभालीच्या प्रश्नावर जरूर विचार करील.

दोमिंगासने विचार केला नाही.
जावयाची तुटकी चप्पल घेतली,
सुरीने नाण्याएवढी चकती कापली,
खिळा चुलीत लाल करून मधोमध भोक पाडलं,
आणि दात-ओठ खात पाना आवळला.
नळ गप्प झाला.
ती लगेच कॉफी वाळत घालायला गेली,
ऊन वाया जात होतं.

मग पलीकडच्या आइबेरेतून बोलावणं आलं.
मग आणखी वरून, जिथे मीसुद्धा कधी गेले नव्हते.
दोमिंगास पुढे, पिशवीत चपला,
मागे एक सून, एक बहिरा भाचा
जो पाइपाला गाल लावून सांगतो
पाणी कुठे अडलंय.
एका रात्री कंदिलाशी बसून
मी वहीत नवं पान काढलं.
रक्तगट, माहीत नाही.
पथ्य, असेल ते.
पायाचं माप, अनवाणी.
शेवटच्या रकान्यात इतकं लिहायचं होतं
की ओळ समासात गेली
आणि समासातून खालच्या नावावर.

चौदावी तुकडी आज उतरली. सतरा नाही, सोळाच,
एकीला दिलीतच ताप भरला.
त्यांचा म्होरक्या, हातभर यादी घेऊन,
पहिलाच प्रश्न विचारतो :
'या कामामागचं आपलं उद्दिष्ट नेमकं काय?'
मी तेतुममध्ये सांगते. दोमिंगास ऐकते.
त्याच्या तोंडाकडे नाही, पायांकडे बघत.
हात पुढे करते.

तो माझ्याकडे बघतो. मी वहीकडे.
मग एका पायावर तोल सांभाळत
तो आपली चप्पल काढून तिच्या हातात देतो.
ती वाकवून पाहते, नखाने दाबते,
नाकाशी धरते,

आणि भाच्याला बोटांनी दाखवते :
सहा निघतील.